बॅगेतून काढून ठेवलेली मच्छरदाणी

लालबागच्या एका उंच इमारतीत, सतराव्या मजल्यावर, रखमाबाई परबांच्या पलंगाच्या पायथ्याशी माझी घडी ठेवलेली असते. मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. पूर्वी मी पांढरीशुभ्र होते. आता माझा रंग पिवळट झाला आहे आणि अंगावर ठिकठिकाणी रफू आहे. या उंचीवर डास फारसे येत नाहीत, त्यामुळे मला कोणी रोज टांगत नाही. तरी रखमाबाई मला अजून टाकून देत नाहीत. त्याचं कारण सांगण्यासाठीच मी बोलते आहे.

माझा जन्म याच जागी, पूर्वी इथे असलेल्या चाळीत झाला. त्या वर्षी गिरणगावात मलेरियाची मोठी साथ होती. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागांवर नवी बांधकामं सुरू झाली होती आणि तिथल्या खड्ड्यांत, उघड्या टाक्यांत पाणी साचून राहत असे. रखमाबाईंचे यजमान रामू परब गिरणी सुटल्यापासून अशाच एका बांधकामावर वॉचमन होते. त्यांना हिवताप आला. हुडहुडी अशी भरायची, की दोन गोधड्या घालून रखमाबाई स्वतः त्यांना धरून बसायच्या, तरी खाट हलत राहायची. मग ताप चढायचा, मग घाम फुटायचा. मधला एक दिवस बरा जायचा आणि पुन्हा तेच. दवाखान्यात रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या, रामू बरे झाले. पण रखमाबाईंच्या मनात धास्ती बसली ती बसलीच, कारण घरात काही महिन्यांचा वैभव होता.

त्यांनी दादरच्या बाजारातून जाळीचं कापड आणलं. शेजारच्या लक्ष्मीकाकूंच्या शिलाई मशीनवर बसून ते कापलं, जोडलं. खालून मांजरपाटाची जाड किनार लावली, म्हणजे गादीखाली खोचायला सोपं जाईल. चार कोपऱ्यांना चार नाड्या शिवल्या. अशी मी तयार झाले. एक नाडी खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या कडीला आणि दोन खिळ्यांना. दिवस कलला की रखमाबाई आधी मला टांगत आणि मगच दिवा लावत.

ती माझी उमेदीची वर्षं होती. माझ्या आत वैभव बसायला शिकला, रांगला, पहिलं पुस्तक वाचायला शिकला. आठवड्यातून एकदा रखमाबाई मला उजेडात धरून छिद्रं शोधायच्या आणि दिसलं की लगेच सुई घेऊन बसायच्या. लक्ष्मीकाकू हसून म्हणायच्या की रखमा मच्छरदाणीसुद्धा पैठणीसारखी सांभाळते. मला फार बरं वाटायचं. डास माझ्याभोवती गुणगुणत आणि आत माझं लेकरू निवांत झोपलेलं असे. वस्तूला याहून जास्त काय हवं असतं?

मग वर्षं गेली. रामू वारले. चाळ पाडून त्या जागी ही इमारत उभी राहिली. नव्या घरात भिंती कोऱ्या होत्या, खिडक्यांना जाळ्या होत्या, वैभवने एसी बसवला होता. खिळे ठोकायला कोणाचं मन होईना. मला धुऊन, वाळवून पलंगाखालच्या कप्प्यात ठेवलं. तिथे जुने पडदे होते, पाहुण्यांच्या चादरी होत्या आणि मी होते. कप्पा उघडला की मला वाटायचं, आज माझी आठवण आली. पण दर वेळी चादरच निघायची.

वैभव आता मोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या कंपनीचं ऑफिस लोअर परळला होतं. त्याचं लग्न झालं. माटुंग्याची अनुजा घरात आली. ती दादरला बँकेत होती. सकाळी दोघं एकदम घाईत निघायची आणि रखमाबाई दारात उभ्या राहून दोघांचे डबे हातात द्यायच्या. घरात भांडणं नव्हती. अनुजाने सासूला एकदा सांगितलं होतं की स्वतःच्या आईकडच्यापेक्षा तिला इथे जास्त मोकळं बोलता येतं. रखमाबाईंनी ते मनात जपून ठेवलं होतं.

एक दिवस वैभव सांगत आला की कंपनी त्याला आफ्रिकेत पाठवते आहे, मोझांबिक देशात. तिथल्या बंदरात कोळंबी साठवायचं मोठं शीतगृह होतं. यंत्रं बसवून, चालू करून यायचं होतं. काही महिने राहावं लागणार होतं. तिथे मलेरिया फार आहे असं कळल्यावर रखमाबाईंनी कप्पा उघडला आणि या वेळी त्यांचा हात सरळ माझ्यापर्यंत आला. वैभव हसला, पण नाही म्हणाला नाही. मला डास मारणाऱ्या औषधात बुडवून, सावलीत वाळवून त्याच्या बॅगेत भरलं.

त्या वेळी सगळं नीट झालं. जाण्याआधी वैभव प्रवासाच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या आणि बजावलं, की या जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे असेपर्यंत चुकवायच्या नाहीत आणि परत आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. वैभवने मोबाइलवर रोजचा गजर लावला. तिथे बंदराजवळच्या एका बैठ्या घरात त्याची राहायची सोय होती. खिडकीची जाळी फाटलेली होती. त्याने पलंगाच्या चारी बाजूंना बांबू बांधले आणि मला टांगलं. सूर्य खाली गेला की तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, हातापायांना डास पळवणारं मलम लावायचा. झोपताना माझी किनार गादीखाली खोचायचा, अगदी आईसारखी. कितीतरी वर्षांनी माझ्या आत तो पुन्हा झोपला होता. आता त्याचे पाय माझ्या टोकाला लागायचे.

त्याच्या बरोबरच्या दोघांनी गोळ्यांचा आणि जाळीचा कंटाळा केला आणि दोघांनाही मलेरिया झाला. पण तिथे ताप म्हटला की आधी रक्त तपासायची पद्धत होती. त्यामुळे दोघं वेळेत औषध मिळून बरे झाले. वैभवला काहीच झालं नाही. त्याने माझा फोटो काढून आईला पाठवला. परत आल्यावर रखमाबाईंनी मला हातात घेऊन गालाला लावलं. मी पुन्हा कामाची ठरले होते.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्याच शीतगृहातलं एक यंत्र बिघडलं. वैभवला तातडीने बोलावणं आलं. या वेळी जेमतेम आठवडाभराचंच काम होतं आणि राहायला चांगलं हॉटेल होतं. अनुजाने गोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला की त्या गोळ्यांनी पोट बिघडतं, एवढ्याशा दिवसांसाठी कोण घेणार. रखमाबाईंनी मला बॅगेत ठेवलं होतं. अवजारांची पेटी मावेना, तेव्हा त्याने मला हळूच बाहेर काढलं आणि पलंगावर ठेवलं.

"आई, हॉटेलात एसी आहे," तो म्हणाला. "आणि लहानपणापासून लालबागचे डास चावलेत मला. आपल्याला काय होणार?"

मित्रांनो, असं पुष्कळ जणांना वाटतं. पण इथले डास चावले म्हणून तिथला मलेरिया दयामाया दाखवत नाही. तिथे मलेरियाचा जो प्रकार जास्त आढळतो, तो फार घातक असतो. तो डोक्यात जाऊ शकतो, मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. आणि डासाची एक मादी एकदाच चावली तरी पुरतं. तिला कुठे ठाऊक असतं की माणूस आठवड्यासाठी आला आहे की वर्षासाठी?

वैभव गेला, काम करून आला. येताना आईला काजू आणले, अनुजाला रंगीत कापड आणलं. सगळं ठीक होतं. गणपती आले. या वर्षी सुट्टी न मिळाल्याने त्यांच्या घरचं कोणी कोकणात गेलं नाही. विसर्जन झालं आणि त्यानंतर वैभवला ताप आला.

मी तेव्हा पलंगाच्या पायथ्याशीच होते. वैभवने मला बाहेर ठेवल्यापासून रखमाबाईंनी मला कप्प्यात टाकलं नव्हतं. तो आईच्या पलंगावर येऊन आडवा झाला. अंग दुखत होतं, डोकं दुखत होतं, मळमळत होतं. त्या दिवसांत इमारतीत बऱ्याच जणांना ताप होता. अनुजाने सामंत डॉक्टरांना फोन लावला. हे डॉक्टर वैभवला लहानपणापासून ओळखत. फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. गणपतीनंतर कोकणातून येणारे कितीतरी पेशंट तापाने आजारी पडतात, म्हणून डॉक्टर सगळ्यांना विचारत तेच त्यांनी वैभवला विचारलं.

"गावी जाऊन आलास काय रे?"

"नाही डॉक्टर," वैभव म्हणाला. "यंदा गावी गेलोच नाही."

तो खोटं बोलला नव्हता. गाव म्हणजे त्याच्या मनात कोकण. डॉक्टरांच्याही मनात कोकणच. महिन्याभरापूर्वी तो समुद्रापार जाऊन आला होता, ते कोणाच्याच ओठावर आलं नाही. डॉक्टरांनी तापाची गोळी सांगितली आणि उद्या ताप राहिला तर रक्त तपासायला ये म्हणून बजावलं. रखमाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, थंडी वाजते का. तो म्हणाला, तशी नाही. तेव्हा त्यांना हायसं वाटलं. त्यांना रामूंची हुडहुडी आठवत होती. थंडी नाही म्हणजे मलेरिया नाही, असं त्यांनी धरून चाललं. पण या मलेरियात दर वेळी तशी हुडहुडी भरतेच असं नाही. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. वैभव ऑफिसला गेला. रक्त तपासायचं राहिलं. संध्याकाळी तो दमून आला, जेवला नाही. त्यानंतर ताप पुन्हा चढला. व्हायरल असाच वरखाली होतो, असं तोच घरात सगळ्यांना समजावत राहिला. मग एका सकाळी अनुजा त्याला चहा द्यायला आली, तर तो तिच्याकडे अनोळखी नजरेने बघत होता. त्याने तिला लक्ष्मीकाकू म्हणून हाक मारली. लक्ष्मीकाकू तर कधीच्या वारल्या होत्या.

त्याला उचलून नेलं तेव्हा त्याचा हात माझ्यावरून घसरत गेला. तो हात भाजत होता.

पुढचं मी पाहिलं नाही. घरातल्या बोलण्यातून मला ते कळत गेलं. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी अनुजाला विचारलं, हे अलीकडे परदेशात गेले होते का? अनुजा हो म्हणाली आणि तिने देशाचं नाव सांगितलं. लगेच रक्त तपासलं. रक्तात मलेरियाचे जंतू भरून गेले होते. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही. पण मेंदूला सूज आली होती, मूत्रपिंडं थांबली होती. वैभव शुद्धीवर आलाच नाही. त्याला घरी आणलं ते खालीच, इमारतीच्या आवारात. सतराव्या मजल्यावर तो परत आला नाही.

घर शांत झालं. माणसं येत, बसत, जात. सामंत डॉक्टर आले. ते रखमाबाईंसमोर येऊन बसले. मग रखमाबाईंना म्हणाले, "मी त्याला गाव विचारलं, वहिनी. देश विचारायला हवा होता." रखमाबाईंनी त्यांना पाणी दिलं. त्यांना दोष द्यावा असं त्यांच्या मनात आलंच नाही. त्या स्वतःलाच दोष देत होत्या. आणि पलीकडच्या खोलीत अनुजा स्वतःला देत होती. दोघी एका घरात राहत, एका ताटलीतली भाजी वाटून घेत, पण एकमेकींकडे बघत नसत. प्रत्येकीला वाटायचं की दुसरीने मनातल्या मनात आपल्यालाच जबाबदार धरलं आहे.

शेवटी अनुजाची आई तिला माटुंग्याला न्यायला आली. अनुजाने कपडे भरले. निघताना ती सासूच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर, माझ्याजवळ बसली. तिने मान खाली घातली होती.

"मी फोनजवळच बसले होते, आई," ती म्हणाली. "तो गावी गेलो नाही म्हणाला, ते मी ऐकलं. तो कुठून आलाय ते मला माहीत होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

रखमाबाई खिडकीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "थंडी वाजत नाही म्हणाला ना गो, म्हणून मी गप्प बसले. नवऱ्याचा मलेरिया बघितला होता मी. मला वाटलं, मला सगळं कळतं."

त्यानंतर दोघी कितीतरी वेळ रडल्या. वैभव गेल्यापासून त्या एकत्र अशा पहिल्यांदाच रडल्या. अनुजाची आई दारात उभी राहिली होती, ती बॅग तिथेच ठेवून एकटीच परत गेली. अनुजा राहिली. आजही ती इथेच आहे.

पुढे काही महिन्यांनी वैभवच्या ऑफिसातला राहुल भेटायला आला. वैभवच्या हाताखाली शिकलेला, शांत मुलगा. बोलता बोलता त्याने सांगितलं की आता त्या शीतगृहाचं काम त्याच्याकडे आलं आहे आणि तो लवकरच निघतो आहे. रखमाबाईंच्या हातातला कप थांबला. त्यांनी विचारलं की गोळ्या घेतल्या का. राहुल ओशाळला. कंपनीने कागद पाठवला होता, पण वाचायचा राहिला होता.

रखमाबाई उठल्या. त्यांनी मला उलगडलं. नाड्या खिडकीला आणि कपाटाला बांधल्या, दोन टोकं अनुजाने हातात धरली. मग त्यांनी राहुलला माझ्या आत बसवलं आणि किनार गादीखाली कशी खोचायची, आत डास राहिला का ते कसं बघायचं, छिद्र कसं शोधायचं, ते दाखवलं. आपल्यासमोर त्याच्याकडून करून घेतलं. त्याचे डोळे भरले होते. एसीची खोली असली तरी जाळीत झोप, संध्याकाळी अंगभर कपडे घाल, असं त्या सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी अनुजा रजा काढून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्याने गोळ्या घेतल्या आणि औषध लावलेली नवी मच्छरदाणी घेतली. मी आता जुनी झाले होते, तेवढ्या लांबच्या कामाची राहिले नव्हते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नव्या मच्छरदाणीने आपलं काम नीट करावं, एवढंच मला वाटत होतं.

निघण्याआधी रखमाबाईंनी त्याला फोन केला. "परत आल्यावर कधीही ताप आला," त्या म्हणाल्या, "तर तुला कोणी काय विचारतंय त्याची वाट बघू नकोस. तू आधी सांग, मी तिथून आलोय म्हणून. आणि त्याच दिवशी रक्त तपास."

राहुल गेला आणि सुखरूप परत आला. पण घरी आल्यावर त्याला वाटलं की आता संपलं, आणि उरलेल्या गोळ्या त्याने घेतल्या नाहीत. काही दिवसांनी त्याला ताप आला. या वेळी मात्र तो थांबला नाही. त्याच सकाळी दवाखान्यात जाऊन त्याने सगळ्यात आधी सांगितलं ते देशाचं नाव. रक्त तपासलं. तोच मलेरिया होता, तसाच घातक. पण वेळ होती. त्याला दाखल केलं, औषध सुरू झालं आणि तो बरा झाला.

अंगात चालण्याइतकी शक्ती आल्यावर तो रखमाबाईंना भेटायला आला. किती वाळला होता! गाल आत गेले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. रखमाबाईंनी त्याला काही विचारलं नाही. त्यांनी तांदळाची पेज केली, लोणच्याची फोड बाजूला ठेवली आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या. त्याने वाटी संपवली. त्यांनी पुन्हा वाढली. तो पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं हाताला लागत होती. तो हात त्यांनी लवकर काढला नाही.

तो गेल्यावर दार लावून त्या खोलीत आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. अनुजा वाटी उचलायला आली होती. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"आपला वैभव पण असाच वाळून परत आला असता गो. दोन महिन्यांत पुन्हा भरला असता."

अनुजाने वाटी खाली ठेवली आणि ती त्यांच्याजवळ बसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं मागणं फार मोठं नसतं. तुमच्या घरातलं कोणी दूरच्या, मलेरियाच्या देशात निघालं, तर त्याला डॉक्टरांकडे जायला लावा. गोळ्या परत आल्यानंतरही पुऱ्या करायला सांगा. एक मच्छरदाणी बॅगेत ठेवा, आणि ती बॅगेतून कोणी काढलीच, तर तुम्ही पुन्हा ठेवा. मुक्काम थोड्या दिवसांचा असला तरी ठेवा. परत आल्यावर आठवडे गेले, महिने गेले आणि ताप आला, तरी तो साधा समजू नका. माणूस तापात असतो, त्याला स्वतःला सुचत नाही. तेव्हा जवळ बसलेल्याने बोलायचं असतं. तुम्ही लहान असलात तरी बोला. मला तोंड असतं, तर त्या दिवशी फोन चालू असताना मी बोलले असते.